दीड एकर, जिरायत

मुलाखतीच्या दिवशी मला सकाळचा चहा ज्यानं आणून दिला, त्यालाच ती नोकरी मिळाली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणाला उगाच हुरहुर नको.

साल २०१९, जूनचा दुसरा आठवडा. पावसाचा पत्ता नव्हता. आदल्या ऑक्टोबरात सरकारनं राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता आणि आमचा माण तालुका त्यात होता. नसता तरच नवल. म्हसवडच्या बाजूला चारा छावण्या लागल्या होत्या, गावात टँकर येत होता, आणि मी घरात बसून क्रिस्टालरचे षट्कोन पाठ करत होतो. वॉल्टर क्रिस्टालर, जर्मन, १९३३. सपाट मुलखात खेडी, बाजारगावं आणि शहरं षट्कोनांच्या जाळीत कशी बसतात याचं त्यानं गणित मांडलं. माझ्या आईनं एकदा वहीतली ती आकृती बघून विचारलं होतं, "मधाचं पोळं शिकवतोस व्हय रं पोरांस्नी?"

मी तेव्हा पाच वर्षं तासिका तत्त्वावर भूगोल शिकवत होतो. आम्ही आपसात त्याला सीएचबी म्हणतो. 'मी सीएचबीवर आहे' असं सांगताना आवाज आपोआप 'सलाईनवर आहे' म्हटल्यासारखा होतो. तेव्हा तासाला ५०० रुपये, आठवड्याला जास्तीत जास्त ९ तास. पेपर तपासणं, प्रात्यक्षिकाच्या जर्नल्स, सहल, १४ जानेवारीचा भूगोल दिन, त्या दिवशीची नकाशाची रांगोळी, हे सगळं त्या तासांच्या बाहेर. मानधन महिन्याच्या महिन्याला येत नाही. बिलं सहसंचालक कार्यालयात जातात, त्रुटी निघून परत येतात, पुन्हा जातात. दिवाळीआधी शिकवलेले तास मार्चमध्ये हातात पडायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर काहीच नाही; मे महिना लागला की मी एका मित्राच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचो आणि दाखल्यांच्या प्रती काढून द्यायचो. नावाआधी डॉक्टर लागतं, हे दुकानात कुणाला सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकं उगाच गुडघेदुखी सांगायला लागली असती.

नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारनं अनुदानित महाविद्यालयांतली सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदं भरायला परवानगी दिली. त्या शासन निर्णयाची पीडीएफ आमच्या ग्रुपवर इतक्या वेळा फिरली की तिचं पहिलं पान मला तोंडपाठ झालं. मग जाहिराती यायला लागल्या. मी चौदा अर्ज केले. प्रत्येक अर्जाला डीडी, प्रत्येकाच्या प्रती, प्रत्येकाला रजिस्टर पोस्ट. सात ठिकाणांहून बोलावणं आलं. त्यातल्या तीन मुलाखती होऊन गेल्या होत्या आणि त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ही चौथी.

"कोरमला चाललायस," असं झेरॉक्सवाला मित्र म्हणाला. तोही एम.ए. बी.एड., त्यामुळे त्याला हे शब्द माहीत. ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी: जागा एक असते, ती कुणाला द्यायची ते ठरलेलं असतं, पण कागदावर निवड दिसायला निवडण्याजोगी माणसं तर लागतात. ती आम्ही. आमच्या हजेरीच्या सह्या झाल्या की निवड झाली असं म्हणता येतं. जागेचा आकडाही ठरलेला असतो, आणि तो सांगताना पुढचा शब्द कुणी उच्चारत नाही. "तिकडं चाळीस चाललंय" एवढंच म्हणतात. चाळीस काय, हे विचारणारा माणूस अजून या धंद्यात नवा आहे असं समजायचं.

एवढं कळत असून का गेलो? मला कुणीतरी सांगितलं होतं, की त्या संस्थेत दोन गटांचं फाटलंय, दोघांचे उमेदवार वेगळे आहेत, त्यामुळे भांडणात एखादेवेळी गुणवत्तेवर होऊन जाईल. आज हे लिहितानाही हसू येतं. दोघांच्या भांडणात लोण्याचा गोळा खाणारं माकड ऐकलंय. मी त्या भांडणात माकडाच्या हातून सुटून खाली पडणाऱ्या कणावर डोळा ठेवून होतो. आणि दुसरं खरं कारण म्हणजे, न जाण्याचा खर्च मला परवडला नसता. गेलो असतो तर झाली असती, ही रुखरुख घेऊन वर्षभर झेरॉक्स काढणं फार महाग पडतं.

*

दहिवडीहून दुपारची एसटी धरून पंढरपूर, तिथून बार्शी. बार्शीच्या स्टँडवर रात्र काढली. बाकावर झोपताना फाइल छातीशी आणि शर्ट हँगरला लावून पंख्याच्या खांबाला. शर्टाला इस्त्री होती. मला नसली तरी चालण्यासारखं होतं. पहाटेची पहिली गाडी येडशीच्या घाटातून वर चढायला लागली तेव्हा उजाडत होतं.

तो चढ मला फार आवडला. म्हणजे भूगोलाच्या माणसाला आवडावा असाच आहे. बार्शीपर्यंत तुम्ही भीमेच्या खोऱ्यात असता. सीनेला मिळणारे ओढे, त्यांचं पाणी पुढं भीमेतून कृष्णेला. बालाघाटाचा तो कडा चढून वर आलं की पाणी फिरतं. आता ते तेरणेला, तेरणेतून मांजरेला, मांजरेतून गोदावरीला. अर्ध्या तासात एसटीनं खोरं बदललं होतं आणि गाडीतली माणसं झोपलेली होती. मी त्याचं मनातल्या मनात एक वाक्य करून ठेवलं. कमिटीनं नेहमीप्रमाणं "कुठून आलात?" असं विचारलं, की म्हणायचं, "सर, रात्रीतून कृष्णेच्या खोऱ्यातून गोदावरीच्या खोऱ्यात आलोय." अध्यक्ष हसतील. विषयतज्ज्ञ मान वर करतील. मग ओघानं पर्जन्यछायेवर येता येईल: एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आमच्या माणला पाचशेची मारामार. तिथून माझ्या प्रबंधावर. वाक्य तीनदा घोकलं. पिशवीत सर्व्हे ऑफ इंडियाचा एक टोपोशीटही गुंडाळून घेतला होता, पन्नास हजारास एक, म्हणजे नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. माझ्या खोऱ्याचा. त्यावर मी चौऱ्याऐंशी विहिरी लाल शाईनं टिंबं देऊन दाखवल्या होत्या. वेळ आलीच, तर टेबलावर उलगडून दाखवू.

नऊ वाजता पोचलो. पत्रात वेळ अकराची होती. इमारत तीन मजली, वर चौथ्याच्या सळया आकाशात उभ्या. आवारात संस्थापकांचा अर्धपुतळा, त्याच्या गळ्यात आदल्या कार्यक्रमाचा सुकलेला हार. व्हरांड्यात निळ्या शर्टातला एक जण बाकं लावत होता. मला शिपाई वाटला. माझी फाइल बघून तो म्हणाला, "इंटरव्ह्यूला आलात ना सर? बसा. लांबून आलेले दिसता, चहा सांगतो." आणि सांगितला नाही, स्वतःच कॅन्टीनमधून घेऊन आला. सोबत खारी. "इथं नाष्ट्याचं काही लवकर मिळत नाही," म्हणाला.

हळूहळू उमेदवार जमले. आम्ही अकरा जण. एकमेकांना सगळे 'सर' म्हणतात. या जगात पाच हजारवालाही सर आणि लाखवालाही सर. दोघी बाई होत्या, त्यांतली एक तान्हं मूल आणि आईला घेऊन आली होती. कोण कुठल्या विद्यापीठाचा, सेट का नेट, गाइड कोण, पेपर किती, अशी चौकशी झाली. मग सगळे गप्प झाले, कारण पुढचा प्रश्न सगळ्यांच्या मनात एकच होता: कोण आहे? आमच्यापैकी कोणासाठी बाकीचे आलेत? आम्ही एकमेकांच्या बुटांकडे बघत होतो. पुण्याहून कार घेऊन आलेल्या एकाबद्दल माझी खात्रीच झाली होती. त्याला बहुधा माझ्या गुंडाळलेल्या टोपोशीटचा संशय येत असावा.

साडेदहाला लिपिकानं मूळ कागद तपासले. दहावीपासून पीएचडीपर्यंत, झेरॉक्सचे तीन संच, प्रत्येक पानावर सही. त्यानं माझा अनुभवाचा दाखला बाजूला काढला. "हा सीएचबीचा?" म्हणाला. "हा लावा, पण धरतील का सांगता येत नाही." पाच वर्षं शिकवलेलं शिकवणं त्याच्या दोन बोटांत होतं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत एक तक्ता आहे. पदवीला इतके गुण, पदव्युत्तरला इतके, पीएचडीला इतके, शोधनिबंधांना इतके, अनुभवाच्या प्रत्येक वर्षाला दोन. एकूण शंभर. आमच्यातला प्रत्येक जण आपले गुण त्या तक्त्यावर घालून बसलेला असतो. माझे ७१ भरत होते, अनुभव धरला तर. त्या तक्त्याच्या खाली एक टीप आहे. हे गुण फक्त मुलाखतीला कुणाला बोलवायचं ते ठरवण्यापुरते. निवड मात्र केवळ मुलाखतीतल्या कामगिरीवर. म्हणजे दारात उभं राहीपर्यंत तुमची पंधरा वर्षं मोजायची, आणि दारातून आत गेलात की ती पुसून टाकायची. नियम करणाऱ्यांच्या मनात काही चांगलंच असेल. पण ज्या खोलीतली माणसं आधीच ठरवून बसलीत, त्या खोलीच्या हातात याहून सोयीची टीप कुणी दिली नसती.

अकराचे बारा झाले, बाराचा एक. "साहेब लग्नाला गेलेत, निघाले तिथून," असं दर अर्ध्या तासाला सांगण्यात येत होतं. निळ्या शर्टवाला पाण्याच्या बाटल्यांचा खोका घेऊन आत गेला, मग खुर्च्या घेऊन, मग कुलगुरूंच्या प्रतिनिधींसाठी गुलाबाची फुलं. दीड वाजता तो येऊन माझ्या शेजारी बसला. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. फाइल मांडीवर घेतली आणि कंगवा काढून केस नीट केले.

"तुम्ही पण?" मी विचारलं.

"हो ना सर. इथंच सीएचबीवर आहे. सात वर्षं झाली."

मला तेव्हा कळलं. त्यालाही कळलं की मला कळलं. थोडा वेळ दोघंही समोरच्या पुतळ्याकडे बघत राहिलो. मग त्यानंच विषय काढला, आवाज खाली घेऊन. खरं तर सांगायची काही गरज नव्हती. "तीन एकर काढलं आमचं," तो म्हणाला. "रस्त्याकडंचं. वडील बोलत नाहीत महिना झाला. आता आज झालं म्हणजे बरं." झालं म्हणजे बरं! ज्याचं ठरलेलं होतं त्यालाही खात्री नव्हती. दुसऱ्या गटानं ऐनवेळी आकडा वाढवला तर, ही धास्ती त्याच्या पोटात होती. सात वर्षं त्यानं तिथं शिकवलं होतं, विद्यार्थी येता-जाता त्याला नमस्कार करत होते, भूगोलाच्या प्रयोगशाळेची किल्ली त्याच्या कमरेला होती. निवड सरळ झाली असती तरी कदाचित त्याचीच व्हायला हवी होती. म्हणजे त्यानं जे विकत घेतलं, ते आधीच त्याचं होतं. मला राग धरायला एक माणूस हवा होता आणि तोही मिळेना.

*

पावणेतीनला माझं नाव पुकारलं. आठ-नऊ जण लांब टेबलामागं. अध्यक्ष मधोमध, कपाळावर लग्नातल्या अक्षतांचा एक दाणा अजून चिकटलेला. प्राचार्य, शासनाचे प्रतिनिधी, कुलगुरूंचे प्रतिनिधी, विषयतज्ज्ञ. कडेला एक म्हातारे गृहस्थ होते, पांढऱ्या बुशशर्टातले, जाड भिंगांचा चष्मा; ते माझा प्रबंधाचा सारांश उघडून वाचत होते. वाचत होते, म्हणजे खरंच. बाकीच्यांच्या पुढ्यात गुणांचे तक्ते, आणि मी बसता बसता पाहिलं, की प्रत्येकाच्या तक्त्यावर शिसपेन्सिल ठेवलेली.

"या, बसा. कुठून आलात?" अध्यक्षांनी विचारलं.

आता कृष्णा, आता गोदावरी.

"दहिवडी," मी म्हणालो.

वाक्य कुठं गेलं कुणास ठाऊक. घाटातच राहिलं बहुधा.

"लांब आहे की. इथं राहायची तयारी आहे का?"

"हो सर."

"लग्न?"

"नाही सर अजून."

"वडील काय करतात?"

इथं मी जरा थांबतो, कारण ही सगळी हकिगत मी या एका प्रश्नासाठी लिहायला घेतलीय.

आबांनी सदतीस वर्षं यारीवर काढली. यारी म्हणजे विहीर खोदायची क्रेन. काठावर उभा केलेला लोखंडी सांगाडा, त्याला फिरता हात, इंजिन, वायररोप आणि खालून डबर भरून वर आणणारी बकेट. यारीवर म्हणतात, पण आबा सदतीस वर्षं तिच्या खालीच होते, विहिरीच्या तळाला. भोकं पाडायची, सुरुंग भरायचे, वर यायचं, धुरळा बसला की पुन्हा उतरायचं. त्यात डावा कान गेला. माण, खटाव, आटपाडी, सांगोला या पट्ट्यात त्यांनी किती विहिरी खाली नेल्या त्याचा हिशेब त्यांच्याजवळ नाही. माझ्या प्रबंधातल्या चौऱ्याऐंशी विहिरींपैकी अकरा त्यांनी खोदलेल्या आहेत. कोणत्या थराला काय लागलं, पाणी कोणत्या अंगानं आलं, हे मला नोंदीत कुठं मिळालं नव्हतं. रात्री अंगणात आबांच्या उजव्या बाजूला बसून विचारायचं, की ते परसापरसानं, म्हणजे पुरुषभर खोलीच्या मापानं, सांगत जायचे. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या दगड, मग गेरूचा तांबडा पट्टा, खाली काळा पाषाण. पुस्तकात त्याला बेसॉल्टचे थर म्हणतात, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे, आणि प्रत्येक थराचं डोकं सच्छिद्र आणि पोट घट्ट का असतं त्याची कारणं देतात. आबांना कारणं माहीत नव्हती. पण पोट कुठं लागणार ते त्यांना पहारीच्या आवाजावरून कळायचं. प्रबंधात त्यांचा उल्लेख 'स्थानिक माहितगारांच्या मते' असा आहे. सहा ठिकाणी.

"शेती," मी म्हणालो.

खोटं नव्हतं. शेती आहे.

"किती?"

"दीड एकर."

"बागायत?"

"जिरायत, सर."

अध्यक्षांनी मान हलवली आणि हातातला पेन टेबलावर ठेवला. तेव्हा मला वाटलं, चौकशी आपुलकीची आहे. गावाकडची माणसं विचारतातच. परतीच्या गाडीत, बार्शी ओलांडल्यावर कुठंतरी डोक्यात उजेड पडला, की त्या दोन मिनिटांत माझी किंमत काढून झाली होती. दुसऱ्या गटाला उमेदवार हवा असेल, आणि हा उगवला असेल तर याच्याकडं विकण्याजोगं काय आहे, एवढंच त्यांना बघायचं होतं. माणमधली दीड एकर जिरायत. पेन खाली ठेवण्यासारखंच उत्तर होतं.

"चला, ठीक," अध्यक्ष म्हणाले. "कुणाला काही विचारायचंय?"

बाकी कुणाला नव्हतं. कडेच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा वर केला.

"तुमचं काम माण खोऱ्यावर आहे," ते म्हणाले. "मला एक सांगा. तुमच्याकडं बाहत्तरच्या दुष्काळात पुष्कळ पाझर तलाव झाले. तलावाच्या ऐन खाली विहीर घेतली तरी कोरडी जाते आणि बाजूला, वरच्या अंगाला, नको तिथं पाणी लागतं, असं तुमच्या तक्त्यात दिसतंय. सदतीस नंबरची विहीर बघा. हे कशानं?"

त्यांनी सदतीस नंबरची विहीर बघितली होती. माझ्या गाइडनंही ती बघितली नव्हती. मला आनंदानं घाम फुटला. मी पिशवीतल्या टोपोशीटकडं हात नेला, त्याचं रबर निघेना. सदतीस नंबरची विहीर आबांची होती. सगळं उत्तर आबांपासून सुरू होत होतं आणि आबांना मी दीड मिनिटापूर्वी दीड एकरात गाडून बसलो होतो. "सर, त्याचं असं आहे..." एवढं म्हणून मी अडखळलो. सुरुवात कुठून करावी ते कळेना.

"सर, अजून सहा जण आहेत," प्राचार्य हळूच म्हणाले. "आणि साहेबांना परत जायचंय."

म्हाताऱ्या गृहस्थांनी सारांश मिटला. "बरोबर आहे," म्हणाले. माझ्याकडं बघून थोडं हसले, ओशाळल्यासारखं. मानधनाच्या कागदावर त्यांनाही सही करायची होती, आणि ती ते करणारच होते. तरीही त्या खोलीत मला भूगोल विचारणारा तो एकच माणूस होता.

मी बाहेर आलो तेव्हा घड्याळात दोन एकोणपन्नास झाले होते. चार मिनिटं. जाण्या-येण्याचे दोन दिवस, सहाशे-सातशे रुपये, एक डीडी. हजेरीच्या कागदावर माझी सही अकरापैकी सातव्या ओळीत आहे, ती अजून त्यांच्या फाइलमध्ये असणार. त्या निवडीला कुणी आव्हान दिलंच, तर माझी सहीच पुरावा म्हणून पुढं येईल: बघा, लोक आले होते, रीतसर झालं सगळं.

निळ्या शर्टवाला दारापाशीच उभा होता. "काय विचारलं सर?" तो घाईनं म्हणाला. त्याचा नंबर शेवटचा होता.

"तलावाखालची विहीर कोरडी का जाते," मी सांगितलं.

त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी भीती आली. "हे विचारतायत? आणि उत्तर काय त्याचं?"

मी त्याला सांगितलं नाही. वेळ नव्हता असं म्हणता येईल, पण वेळ होता. त्या दिवशीची माझ्याकडची तेवढीच एक गोष्ट उरली होती आणि ती मला त्याला फुकट द्यावीशी वाटली नाही. मी त्याच्या चहाला आणि खारीला जागलो नाही, ही बोच अजून आहे.

*

घरी पोचलो तर दुसरा दिवस उजाडला होता. आबा अंगणात खाटेवर. उजवा कान माझ्याकडं करून त्यांनी एकच विचारलं, "काय इचारलं रं?"

"भूगोल," मी म्हणालो.

"आलं का सगळं?"

"आलं."

"मग झालं तर," म्हणाले, आणि टँकर आला का बघायला गेले.

संस्थेकडून कागद आला नाही. नाही म्हणायचंसुद्धा पत्र येत नाही. तुम्ही आपलं आपणच समजून घ्यायचं असतं. तीन आठवड्यांनी निळ्या शर्टवाल्याचा फोन आला. नंबर त्यानं हजेरीच्या कागदावरून घेतला होता. त्याची निवड झाली होती, विद्यापीठाच्या मान्यतेला प्रस्ताव गेला होता. "सर, तुमचं नाव वेटिंगला दोन नंबरवर आहे," तो मनापासून म्हणाला. त्याला वाटलं मला बरं वाटेल. मी अभिनंदन केलं. वडील बोलायला लागले का, असं विचारायचं ओठांवर आलं होतं, नाही विचारलं. पुढं कोरोना आला, ४ मे २०२० ला वित्त विभागानं नव्या भरतीवर बंदी आणली, आणि ३,५८० मधल्या उरलेल्या जागाही लटकल्या. उरलेल्या तीन मुलाखतींपैकी दोन दिल्या, एक सोडून दिली. २०२२ मध्ये सीएचबीही सोडलं. आता पुण्यात एका कंपनीसाठी उपग्रहाच्या चित्रांवर शेतांच्या हद्दी आखायचं काम करतो. पगार महिन्याच्या महिन्याला येतो, या गोष्टीची सवय व्हायला मला वर्ष लागलं.

नोकरी गेल्याचं आता फारसं काही वाटत नाही. एखाद्या रात्री मात्र ती खोली आठवते, ते जाड भिंग, आणि त्या म्हाताऱ्या सरांना न दिलेलं उत्तर. ते कुठं असतात माहीत नाही. तेव्हा अडखळलो होतो, आता सलग सांगतो.

सर, त्याचं असं आहे. माझे वडील विहिरी खोदतात. २००३ सालचा उन्हाळा होता आणि मी नववीत होतो, डबा घेऊन जायचो. तलाव बाहत्तरच्या कामावरचा, माझ्या आजीनंही त्याच्यावर पाट्या टाकलेल्या. त्याच्या बांधापासून दीडशे पावलांवर मालकानं विहीर धरली. पाणाड्या आणला, त्याच्या तळहातावरचा नारळही तिथंच उभा राहिला. तलाव वर, विहीर खाली. पाणी जाईल कुठं? आबा चौथ्या परसालाच म्हणाले होते की हा दगड वेगळा आहे. थराचा दगड आडवा पसरतो. हा उभा होता, भिंतीसारखा, आणि त्याच्या चिरा अशा की कुणी विटा रचून ठेवाव्यात. पुढं एम.ए.ला मला त्याचं नाव कळलं. डाइक. जुन्या लाव्ह्याच्या भेगेत नवा लाव्हा घुसून गोठला की अशी जमिनीत पुरलेली भिंत तयार होते, कधी कित्येक किलोमीटर लांब. ती घट्ट असेल तर मुरलेलं पाणी तिच्यापाशी अडतं आणि तिच्या कडेकडेनं, मिळेल त्या फटीतून निघून जातं. वरच्या अंगाला एका म्हातारीचं वावर होतं, तिच्या जुन्या आडाला त्या साली मे महिन्यात पाणी होतं. लोक म्हणायचे तिला देव पावला. ते तलावाचं पाणी होतं, सर. मी नंतर टोपोशीटवर ती भिंत आखून पाहिली. बांध आणि विहीर यांच्या बरोबर मधून जाते.

सातव्या परसाला मालकाचे पैसे संपले. यारी उतरवायच्या दिवशी आबा पुन्हा एकदा खाली गेले. मी वरून वाकून बघत होतो. त्यांनी भिंतीला उजवा कान लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. वर आल्यावर मालकाला म्हणाले, "पलीकडं हाय पाणी. आडवं बोअर मारा, मी दोन दिस बिनपगारी ऱ्हातो." खडकातून असं ऐकू येत नाही, हे मी आज सांगू शकतो. त्यांना चिरांची रचना आणि दगडाचा ओलसर गारवा कळला असणार, आणि त्यांनी त्याला ऐकणं म्हटलं. मालकानं ऐकलं नाही. यारी दुसऱ्या गावाला गेली.

प्रबंधात ती विहीर क्रमांक ३७. खोली ४२ फूट. पाणी: नाही. मालकाचं नाव आहे, गट क्रमांक आहे, सालही आहे. खोदणाऱ्याच्या नावाचा रकाना मी तक्त्यात ठेवलेला नाही.